पुटिटप नावाचा मुलगा

"गुड मॉर्निंग, सर," असं ब्रूमुंड न्हावी म्हणाला तेव्हा एवाल्ड टीडेमाननं मागं वळून पाहिलं. आपल्या पाठोपाठ कोणी परका माणूस दुकानात शिरला असावा असं त्याला वाटलं. पण मागं कोणी नव्हतं. उघड्या दारातून फळ्यांचा रस्ता दिसत होता, त्यावर जूनचं कोवळं ऊन पडलं होतं, आणि सरोवराकडून येणाऱ्या वाऱ्याला रोजच्यासारखा धुरी दिलेल्या मासळीचा वास होता. म्हणजे हे आपल्यालाच. तेवीस वर्षं दर शनिवारी तो याच खुर्चीत येऊन बसत होता आणि तेवीस वर्षं ब्रूमुंडनं त्याला गावच्या बोलीत, "आलास का रे कातड्या, बस," एवढंच म्हटलं होतं. दोघं जर्मनीतल्या, पोमेरेनिया प्रांतातल्या शेजारशेजारच्या खेड्यांतले. एका गावची घंटा दुसऱ्या गावात ऐकू जायची. पुढं एवाल्डचा ओढ्याकाठी कातडी कमावण्याचा कारखाना उभा राहिला, साठ माणसं हाताखाली आली, आणि गेल्या वर्षी तर इथल्या, नॉयहाफेनच्या लोकांनी त्याला आमदार करून मॅडिसनला राज्याच्या विधानसभेत धाडलं. तरी ब्रूमुंडच्या तोंडचा 'कातड्या' काही सुटला नव्हता. आज त्यानं खुर्ची झटकली, पांढरा कपडा गळ्याभोवती बांधला, आणि पुन्हा इंग्रजीतच, एकेक शब्द जपून खाली ठेवावा तसं, आज हवा छान आहे असं सांगितलं. त्याचं इंग्रजी वाईट होतं. एवाल्डच्या इंग्रजीपेक्षाही वाईट. एवाल्डला हसू फुटणार होतं, पण आरशात त्याला ब्रूमुंडचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. वस्तरा गालावरून नेहमीच्याच हलक्या हातानं फिरत होता.

दाढी आटोपल्यावर ब्रूमुंडनं मिलवॉकीहून येणारं जर्मन वर्तमानपत्र त्याच्या मांडीवर ठेवलं आणि फेसानं माखलेलं बोट एका जागी टेकवलं. बोट उचललं तेव्हा कागदावर एक ओला ठिपका राहिला. त्या ठिपक्याभोवती छापलं होतं की विधानसभेनं एप्रिलमध्ये एक शाळांचा कायदा केला आहे; यापुढं ज्या शाळेत वाचन, लेखन आणि गणित इंग्रजीतून शिकवलं जात नाही तिला शाळाच समजलं जाणार नाही; म्हणजे आपल्या चर्चच्या शाळा आता शाळा नव्हेत, आणि त्यांत मुलं धाडणारे आईबाप गुन्हेगार. शेवटी लिहिलं होतं की या कायद्याला सभागृहात एकानंही विरोध केला नाही, आपल्या मतांवर तिथं जाऊन बसलेल्यांनीही नाही. एवाल्डनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यातलं काहीच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, फक्त ब्रूमुंड पाठीमागं पट्ट्यावर वस्तरा परजत होता तो आवाज ऐकू येत होता. तो पट्टा त्याच्याच कारखान्यातला होता. तो उठला, हॅट घातली, आणि दाराशी जाऊन काहीतरी बोलावं म्हणून थांबला. "थँक यू, सर," ब्रूमुंड म्हणाला.

मग ते सगळ्या गावभर झालं. कुणी ठरवून केलं असं नव्हे, पण एकानं केलेलं दुसऱ्याला आवडलं आणि आठवड्याभरात नॉयहाफेनमधल्या कोणाही माणसाला एवाल्ड टीडेमानशी जर्मन बोलता येईनासं झालं. पाववाल्याच्या बायकोला इंग्रजीचे तीन शब्द येत होते, ते तिन्ही तिनं एकदम वापरले आणि काळा पाव कागदात गुंडाळून दिला. बिअरच्या दुकानात तो शिरला की कडेच्या टेबलाभोवती चाललेलं बोलणं थांबायचं, कोणीतरी घसा साफ करून 'हाउ डू यू डू' म्हणायचं, आणि नंतर सगळे आपापल्या पेल्यात बघत बसायचे. एवाल्डला वाटे, हे केवढं हास्यास्पद आहे, आणि हे कुणाला तरी सांगावं, त्याच्याबरोबर पोट धरून हसावं. पण ज्याला सांगायचं तो प्रत्येक माणूस त्या हसण्याच्या पलीकडे बसला होता. कारखान्यात तेवढं कामापुरतं जर्मन चाले, कारण हौदातली कातडी कधी उलटायची हे इंग्रजीत कुणालाच सांगता आलं नसतं. घरी बहीण होती, माल्वीना. ती त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, शाळामास्तरची विधवा. चर्चच्या शाळेत धाकट्या मुलांना ती आजही अक्षरं गिरवायला शिकवत होती, आणि एवाल्डची बायको ओटीली सहा वर्षांपूर्वी गेल्यापासून त्याचं घर सांभाळत होती. माल्वीनाला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. म्हणून ती गप्प झाली. व्हिनेगर घातलेलं मसुराचं सूप ती त्याच्यापुढं ठेवी, जेवणाआधीची प्रार्थना पूर्वी दोघं मिळून म्हणत ती आता ओठांतल्या ओठांत एकटीच म्हणे, आणि चमच्यांचा आवाज तेवढा दोघांच्या मध्ये राही.

जेवता जेवता तो आपल्या हातांकडे बघत बसे. झाडाच्या सालीनं तपकिरी झालेली नखं कधीच उजळली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी तो या देशात उतरला तेव्हा एवढंच घेऊन आला होता, कातडं कसं कमवायचं ते. चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडायचे, मग हौदात एक थर कातड्याचा आणि एक थर कुटलेल्या सालीचा असं रचत जायचं आणि महिनोन् महिने थांबायचं. त्या कामाला बोलावं लागत नाही. उत्तरेच्या रानातून सालीच्या गाड्या येत, त्यांचे गाडीवान कधी स्वीड असत कधी आयरिश. एवाल्ड साल मोडून बघे, जिभेला लावे, मान हलवे किंवा हलवत नसे. या देशात सदतीस वर्षं त्यानं मान हलवून काढली होती. कारखाना, ओढ्यावरचा बांध, दगडी घर, सगळं मान हलवून झालं. आणि मग एके दिवशी पक्षाची चार माणसं त्याच्या कचेरीत येऊन बसली, म्हणाली, टीडेमान, तू आपला माणूस आहेस, तुला कोण ओळखत नाही, बंदरातला गाळ काढायचाय, मॅडिसनला आपल्या बाजूनं कोणी बोलायला हवं. तेव्हाही त्यानं मान हलवली. 'बोलायला' हा शब्द त्याला त्या वेळी ऐकू आला नव्हता.

मॅडिसनला तो जानेवारीत गेला. सभागृहात त्याला मागच्या रांगेत जागा मिळाली, शेजारी राज्याच्या दक्षिण टोकाकडचा एक वकील, हॉलिस्टर नावाचा, उंच, हाडकुळा, खिशात लवंगा बाळगणारा. पहिल्याच सकाळी एवाल्डच्या लक्षात आलं की इथलं इंग्रजी वेगळं आहे. गाडीवानाचं इंग्रजी त्याला कळत होतं, बँकेतल्या कारकुनाचं निम्मं कळत होतं; पण इथं माणसं उभी राहत आणि त्यांच्या तोंडून न थांबता काहीतरी वाहत येई, आणि त्यातला एखादा शब्द ओळखीचा म्हणून धरून ठेवावा तोवर बाकीचं पुढं निघून गेलेलं असे. त्यानं हॉलिस्टरच्या ओठांकडे बघायला सुरुवात केली. ओठ 'हो'साठी उघडले की हा 'हो' म्हणे, 'नाही'साठी आत ओढले गेले की 'नाही'. एका क्षणाचं अंतर पडे, पण शंभर माणसांच्या गलक्यात ते कुणाला कळत नसे. हॉलिस्टरला कळलं होतं की काय कोण जाणे. तो कधी काही बोलला नाही, उलट एकदोनदा लवंगेची डबी पुढं केली. लवंग एवाल्डच्या अंगाला येणाऱ्या वासासाठी होती की साधी माणुसकी होती, हे त्याला ठरवता आलं नाही. संध्याकाळी खानावळीत मालकीणबाई सगळ्यांशी गप्पा मारत, आणि हा आपल्या ताटलीवर वाकून लवकर जेवून घेई आणि गोठलेल्या तळ्याच्या काठानं चालत राही. घरी धाडायच्या पत्रात तो लिही की काम जोरात चालू आहे. माल्वीना ते पत्र शाळेत वाचून दाखवत असे.

मार्चमधल्या एका दुपारी सभागृह फार तापलं होतं. भिंतीकडेच्या वाफेच्या नळ्या फुसफुसत होत्या, लोकरीच्या कोटांचा आणि तंबाखूचा वास साचला होता, कोणीतरी रेल्वेबद्दल तासभर बोलत होतं. हॉलिस्टरनं गळपट्टी सैल केली, मागं वळला, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या दरवानाला जरा चढ्या आवाजात म्हणाला, "पुट इट अप." दरवानाला ऐकू गेलं नाही. "पुट इट अप," हॉलिस्टर पुन्हा म्हणाला, आणि हातानं वरच्या बाजूला खूण केली. दरवानानं दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरून वर सरकवली. गार हवा आत आली. टेबलांवरचे कागद हलले. हॉलिस्टरनं डोळे मिटून छातीभर श्वास घेतला. आणि एवाल्ड टीडेमान आपल्या जागेवर बसल्या बसल्या बावीस वर्षं मागं, ओढ्याकाठच्या जुन्या लाकडी घरातल्या आतल्या खोलीत जाऊन पडला.

त्या खोलीत कोनराड होता. आठ वर्षांचा, त्याचा आणि ओटीलीचा एकुलता एक. जन्मला इथलाच, घरात जर्मन बोले, पण दिवसभर बंदरावर आयरिश कोळ्यांच्या पोरांबरोबर हुंदडत असे आणि तिथलं काय काय तोंडात घेऊन येई. ओटीली दटावून ते बंद करी. त्या फेब्रुवारीत गावात तापाची साथ होती. कोनराड अंथरुणाला खिळला तेव्हा माल्वीना, नुकतीच जर्मनीहून आलेली, अजून लग्न न झालेली, आत्या म्हणून त्याच्या उशाशी बसली ती उठली नाही. वाऱ्याची झुळूक म्हणजे मरण, एवढं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. तिनं जुन्या दुलईतली लोकर काढली आणि सुरीच्या टोकानं खिडकीच्या प्रत्येक फटीत ठासून भरली. शेगडी पेटती ठेवली. पिसांच्या दोन दुलया त्याच्या अंगावर घातल्या, त्यावर आपली शाल. तिसऱ्या दिवशी पोरगं जर्मन विसरलं. काही विचारलं तर त्याला कळेना. तो आढ्याकडे बघत एकच शब्द म्हणत राहिला: पुटिटप. पुटिटप. ओटीली त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐके आणि रडत विचारी, कोण रे, बाळा, कोण पुटिटप? माल्वीना म्हणाली, बंदरावरचा कुणी मित्र असेल, त्याला भेटायचं असेल. मग एवाल्ड निघाला. भर दुपारी बर्फातून तो कोळ्यांच्या वस्तीवर गेला आणि प्रत्येक दार ठोठावून विचारलं, इथं पुटिटप नावाचा मुलगा आहे का. बायका दारात येऊन त्याच्याकडे बघत, एकमेकींना काहीतरी सांगत, नकारार्थी मान हलवत. एका म्हातारीनं त्याला वेडा समजून हातावर पावाचा तुकडा ठेवला. तो परत आला तेव्हा कोनराडनं त्याच्याकडे बघितलं. एवाल्डनं त्याचा हात धरून सांगितलं, "पुटिटप उद्या येतो म्हणालाय." मुलगा त्याच्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

त्यानंतर बावीस वर्षं पुटिटप एवाल्डच्या सोबतीला होता. त्याला त्यानं लाल केस दिले होते, नाकावर ठिपके, अंगात बापाचा मोठा सदरा. त्याला तो वर्षावर्षानं वाढवत आला होता. आता तो तीसएक वर्षांचा असेल, कुठल्यातरी जहाजावर असेल, त्याला कोनराड आठवत असेल. जगात आपल्या मुलाची आठवण असलेला आणखी एक माणूस आहे या एवढ्याशा गोष्टीचा त्याला आधार होता, आणि हे त्यानं ओटीलीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी सभागृहात लाल केसांचा तो मुलगा नाहीसा झाला. पोमेरेनियात खिडकी दारासारखी उघडते. इथं ती वर सरकवतात. जुन्या घरातल्या त्या खिडक्या एवाल्डनं स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या, रोज वर सरकवल्या होत्या, आणि तरी घरातले सगळे जन्मभर 'खिडकी उघड' असंच म्हणत राहिले होते. पोरानं दोन दिवस मागितली ती एवढीच गोष्ट. अंथरुणापासून चार पावलांवर. हवा लागून तो वाचला असता असं एवाल्ड स्वतःला सांगत नव्हता. डॉक्टरनं तेव्हाच हात टेकले होते. पण तो गुदमरत होता, मागत होता, आणि ज्याच्याकडे मागत होता तो बाप बर्फात एका नसलेल्या पोराला शोधत फिरत होता.

नऊ दिवसांनी शाळांचा कायदा मतदानाला आला. कारकून नेहमीच्या झोपाळू आवाजात वाचत होता. निम्मे आमदार पत्रं लिहीत होते, हॉलिस्टर पेन्सिल तासत होता. आणि एवाल्डच्या कानावर, ओळखीचं माणूस गर्दीतून पुढं यावं तसे, एकापाठोपाठ एक शब्द येत गेले: मूल, शाळा, वाचणं, लिहिणं, इंग्रजी भाषा. त्याला सगळं कळत होतं. कळण्याची ती चव त्याला तिथं पहिल्यांदाच मिळत होती आणि ती कडू होती. त्याला माल्वीनाचा वर्ग दिसला, पाटीवर वाकलेली डोकी, तिच्या हातातली पट्टी. ही शाळा आपल्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन बांधली हे त्याला ठाऊक होतं. कायदा करणाऱ्यांना त्या मुलांचं प्रेम नव्हतं, हेही त्याला कळत होतं. ह्या वेळी त्याला उभं राहून 'थांबा' म्हणता आलं असतं. तेवढं इंग्रजी त्याच्यापाशी होतं. अध्यक्षांनी मत विचारलं. हॉलिस्टरची पेन्सिल अजून तासून व्हायची होती. एवाल्ड टीडेमान त्याच्या ओठांकडे न बघता, त्याच्या आधी, मोठ्यानं 'हो' म्हणाला. हॉलिस्टरनं चमकून त्याच्याकडे पाहिलं.

जुलैच्या अखेरीस चर्चचे पास्टर ग्रुबे कारखान्यात आले. कातड्यांच्या वासानं त्यांना मळमळत असे, म्हणून ते नाकाला रुमाल लावून कचेरीत बसले आणि जर्मनमध्ये बोलले. दोन महिन्यांनी कुणीतरी पूर्ण वाक्य बोलत होतं, आणि एवाल्डला त्यांच्या बोलण्यातला अर्थ नव्हे, नुसता आवाजच आधी ऐकू येत राहिला. पास्टर चांगला माणूस होता. त्यांनी सांगितलं की लोक रागावलेले आहेत, पण लोकांना त्याला गमवायचं नाही. रविवारी उपासनेनंतर शाळेत सभा आहे. "तुम्ही काही फार बोलू नका, टीडेमान. एवढंच सांगा की ते वकिली इंग्रजी होतं, घाईघाईनं वाचलं, तुम्हाला कळलं नाही. यात लाज कसली? आमच्यातल्या कुणाला कळलं असतं? तुमच्या तोंडून एवढं निघालं की झालं, मग आम्हीच तुम्हाला परत धाडू, कायदा मोडून काढायला." एवाल्ड म्हणाला, विचार करतो. पास्टर गेल्यावर त्याला वाटलं, यात विचार कसला करायचा आहे? ते जवळजवळ खरंच होतं. शंभर वेळा त्यानं मत दिलं, त्यातल्या नव्याण्णव वेळा त्याला काहीही कळलं नव्हतं. खोटं बोलायचं होतं ते एकाच मताबद्दल, आणि त्याच्या मोबदल्यात सगळं गाव परत मिळणार होतं, ब्रूमुंडची खुर्ची, बिअरच्या दुकानातली कडेची जागा, घरातली प्रार्थना. पुढचे चार दिवस तो ते वाक्य मनात म्हणून बघत राहिला. हौदांच्या कडेनं फिरताना, साल कुटणाऱ्या यंत्राच्या खडखडाटात तर एकदा मोठ्यानंही म्हटलं: मला कळलं नाही. वाक्य सोपं होतं. जिभेवर सहज बसत होतं.

रविवारी शाळेत लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. जागा नव्हती म्हणून काही भिंतीला टेकून उभी होती. भिंतीवर माल्वीनाच्या हातची अक्षरं होती. ती स्वतः मागं, थंड शेगडीपाशी, हात पोटाशी बांधून उभी होती. पास्टरांनी सुरुवात करून दिली, माणूस चुकतो, परक्या भाषेत तर चुकतोच, असं काहीसं, आणि एवाल्डकडे वळले. एवाल्ड उभा राहिला. त्याच्या ओठांवर ते वाक्य तयार होतं. तेवढ्यात भिंतीकडून ब्रूमुंड बोलला, आणि तो गावच्या बोलीत बोलला.

"ए कातड्या, लांबण लावू नकोस. एकच सांग. तुला कळलं होतं की नाही?"

सगळे चेहरे त्याच्याकडे वळले होते, आणि ते राग धरून वळले नव्हते. नाही म्हण, असंच सगळे डोळे त्याला म्हणत होते. नाही म्हण आणि ये, बस. तो नाही म्हणणारच होता. पण 'कळलं नाही' हे शब्द तोंडाशी आले आणि त्याला वाटलं, हे आपण यापूर्वी एकदा जगून झालेलं आहे. न कळणं. पोर मागतंय आणि बापाला कळत नाही, आणि तो त्याचा हात धरून, उद्या येतो म्हणालाय, असं सांगतो. आयुष्यात एकदाच, बावीस वर्षं उशिरा का होईना, त्याला आपल्या मुलाचं म्हणणं कळलं होतं. आणि आता इथं, या बाकांपुढं, कळलं नाही असं सांगायचं?

"कळलं होतं," तो म्हणाला.

पास्टर घाईनं म्हणाले की टीडेमान यांना म्हणायचंय की थोडंफार.

"नाही, पास्टरसाहेब. सगळं कळलं होतं. कुणी फसवलं नाही, कुणी शिकवलं नाही. मी समजून हो म्हणालो."

मग बाक करकरले. माणसं एकेक करून उठली आणि दाराकडे गेली, जाताना त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून अंग चोरून. ब्रूमुंड जवळून गेला तेव्हा त्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इंग्रजीसुद्धा त्याला आता नको होतं. एवाल्डला वाटलं होतं की खरं बोलल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. तो समोरच्या बाकावर बसला, आणि बाक इतका बुटका होता की त्याचे गुडघे हनुवटीला लागले.

घरी जाताना माल्वीना त्याच्या बरोबरीनं चालत होती. सरोवरावर ऊन लखलखत होतं. पुलापाशी आल्यावर ती थांबली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "का केलंस, एवढं सांग. मी तुझी बहीण आहे. गावाला नाही सांगितलंस तरी चालेल."

तिला सांगावं म्हणून त्याचा जीव तुटत होता. जगात एवढी एकच बाई उरली होती जिला कोनराडचा आवाज आठवत असेल, ती खोली आठवत असेल, तो शब्द आठवत असेल. तिला फक्त तीन शब्द सुटे करून सांगायचे होते. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं पुलाचा कठडा धरला होता. बोटं सांध्यांशी सुजलेली, वाकडी झालेली. ह्याच बोटांनी तिनं फटीफटीत लोकर भरली होती. दर फेब्रुवारीत, कोनराडच्या दिवशी, ती कबरीवरचं बर्फ हातानं बाजूला सारी आणि एकच वाक्य म्हणे. ओटीली होती तेव्हा ओटीलीला म्हणे, नंतर एवाल्डला म्हणत आली: देवानं नेलं त्याला, पण एवढं समाधान आहे माझं, शेवटपर्यंत वाऱ्याची झुळूक म्हणून त्याला लागू दिली नाही मी. बासष्टाव्या वर्षी माणसाकडे असं किती समाधान उरलेलं असतं?

"कारण काही नाही," एवाल्ड म्हणाला. "मी आता इथला झालोय, माल्वीना. जुनं किती दिवस कवटाळून बसायचं?"

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर, अनोळखी घराचं दार चुकून ठोठावलेल्या माणसासारखा संकोच होता. ती पुढं निघाली. तो मागून चालत राहिला.

पुढच्या गुरुवारी तिनं घर सोडलं. शाळेच्या माळ्यावर एक खोली होती, ती पास्टरांनी तिला दिली. सप्टेंबरात पक्षाची तीच चार माणसं कचेरीत आली, बसली नाहीत, उभ्या उभ्या सांगून गेली की पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाचं नाव ठरतंय. पण ते नंतरचं. त्या गुरुवारी सकाळी एवाल्डनं स्वतः तिची पेटी खाली आणली, कारखान्यातली गाडी मागवली, पेटीला आपल्याच कातड्याचा पट्टा बांधून दिला. माल्वीनानं स्वयंपाकघरात त्याला मीठ कुठं आहे, पीठ कुठं आहे, सुकवलेले आलुबुखार कुठल्या बरणीत आहेत ते कोरड्या आवाजात सांगितलं, आणि सूप उकळायला लागलं की व्हिनेगर शेवटी घालायचं, आधी नाही, हे दोनदा सांगितलं. मग ती गाडीत चढली. गाडीवानानं लगाम उचलला होता. तिनं त्याला थांबायला सांगितलं आणि मागं वळून भावाकडे पाहिलं. बोलावं की बोलू नये असं तिचं चाललं होतं.

"कोनराड आज असता," ती म्हणाली, "तर तुझ्या वागण्यानं त्यानं मान खाली घातली असती."

एवाल्ड गाडीच्या चाकाशी उभा होता. ती उत्तराची वाट बघत होती. हा आता उसळेल, भांडेल, या आशेनं ती वाट बघत होती.

"हो," तो म्हणाला. "घातली असती."

निदान एवढं तरी त्यानं मानलं होतं, माल्वीनाचा चेहरा जरासा निवळला. तिनं शाल नीट केली आणि गाडीवानाला निघायला सांगितलं.